चिकटवलेलं पान

मुखेड, ६ मार्च २०१६

चि. पंचशीला हिस ग्यानोबामामाचा जय भीम आणि लई आशीर्वाद.

तुझ्या होस्टेलात मोबाईल बंद, म्हणून कागद खराब करून राहिलो. पायाचं प्लास्टर निघायला अजून पंधरा दिवस हायेत. माझा टँकर दुसराच चालवतो नि मी तुझ्या कंप्युटरवर तुझा तलवारीचा खेळ खेळतो. एकोणतीस बार मेलो. काल एकानं माझं मुंडकंच उडवलं, तुझी माय भाकरी सोडून बघायला आली. कसं खेळायचं तेवढं लिही. पुढं कोण मरतो, कोण उलटतो ते सांगशील तर याद राख, सगळी मजा जाईल.

पाय बरा झाला की शेषेरावला सोडत न्हाई. टँकरच्या नळीवरून भांडला नि लोखंडी गजानं माझा गुडघा फोडला. त्याचाबी फोडणार. तू अभ्यास कर.

मामावरचा जीव हाय तसा राहू दे.
ग्यानोबा

लातूर, १२ मार्च

ती. मामास पंचशीलाचा सविनय जय भीम, वि.वि.

एकोणतीस वेळा? मामा, तू टँकर घातल्यासारखा घुसत असशील. आधी ढाल धर, माऊसचं उजवं बटण दाबून. दम संपला की मागं सर, मगच वार कर. मारायच्या आधी प्रत्येकाशी बोल, कोण कोणाचा ते कळतं. नवख्याला एवढं पुरे.

पत्राचं शेवटचं पान मेसच्या भातानं चिकटवलंय. खेळात विहिरीच्या राखणदारापाशी अडलास तरच उघड. त्यात खेळातलं पुढचं आहे, थोडं दुसरंही आहे.

शेषेरावकाकांचं डोक्यातून काढ, मला भीती वाटते. इथं दिवसाला पाण्याची एकच बादली मिळते. तरी मी बरी आहे.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
पंचशीला

मुखेड, २ एप्रिल

चि. पंचशीला, आशीर्वाद.

राखणदार मारला. ढालीनं कठड्यावर रेटला नि तीन वारात आडवा. अडलोच न्हाई, म्हणून तुझं पान उघडलं न्हाई.

काल टँकरपाशी शेषेराव दिसला. हातात घागर होती. मी काही बोललो न्हाई, चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली नि हाणली. गुडघ्यावर हाणली होती, तो वाकला नि डोक्यात बसली. घागर फुटली, रक्त नि पाणी एक झालं. त्याला नांदेडला नेलंय, शुद्ध न्हाई.

घरी येऊन पान उघडलं. राखणदाराला मारलं की त्याची लेक समोर येते, असं तू लिहिलंस. खाली लिहिलंस, शेषेरावची लेक पार्वती तुझ्याच खोलीत हाय, नि तू तापानं पडलीस तेव्हापासून तिची अर्धी बादली तुला देते, दोन्ही घरांचं भांडण ठाऊक असून. हे वरच्या पानावर का न्हाई लिहिलंस, पोरी?

पोलीस यायच्या आत पत्र टाकायला देतो. तिला काय सांगायचं नि काय न्हाई, तूच ठरव.

मामा

लातूर, ७ एप्रिल

ती. मामास,

पत्र आईकडं पाठवते, ती कोठडीत देईल. पार्वतीचं नाव वरच दिसलं तर तू पत्र फाडशील, म्हणून चिकटवलं. चूक माझी. नवख्याला आधी सांगायचं ते तेच होतं. पण बोलून बघ म्हणाले होते ना रे, मामा? तुझा फार राग येतो.

परीक्षेपर्यंत तिला कळू देऊ नका, असा तिच्या घरचा होस्टेलात निरोप होता. तरी मी तिला सांगितलं. गजापासून टॉमीपर्यंत, आणि तू माझा मामा हेही.

तिनं रोजच्यासारखं अर्धं पाणी माझ्या बादलीत ओतलं नि नांदेडची बस धरायला गेली. परवाची गोष्ट. ते पाणी तसंच आहे, माझा हात जात नाही.

पंचशीला