बाबांचा कॉम्प्युटर पहाटे उठतो

हेल अल-गाफ,
रविवार, २० जानेवारी २०१९

प्रिय हुमैद,

सलाम आणि पाठीत एक धपाटा. सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पुढचं वाचून काय ते तुझं तू ठरव. आईचे गुडघे थंडीने धरलेत. लिंबं यंदा उदंड आलीत, वाळवायला गच्ची पुरत नाही. बहल्यातलं माझं दुरुस्तीचं दुकानही बरं चाललंय. फोन केला असता, पण घरचा नंबर बघून तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी हे फोनवर सांगण्यासारखं नाही. टॅक्सीवाला सैफ मस्कतला निघालाय, त्याच्या हाती हे पाठवते.

तर झालं असं. तुझ्या खोलीतला जुना कॉम्प्युटर आठवतो? तू गेलास तेव्हा तो इथेच राहिला. गेली दोन वर्षं बाबा त्याच खोलीत झोपतात. गच्चीवरच्या वाऱ्याने पाठ धरते, असं त्यांचं कारण. या थंडीत आई शेजारच्या खोलीत झोपायला आली आणि तिसऱ्याच दिवशी माझ्यामागे लागली. "ज़ुवैना, ते यंत्र बंद केलं तरी पहाटे आपोआप उठतं. टुंग करतं, घुरघुरतं. तुझ्या भावासारखंच आहे, कुणाचं ऐकत नाही."

बाबा म्हणाले, "असू दे. कुणाला चावतंय?"

आता तू मला ओळखतोस. बंद होत नाही, झोपत नाही, झोपलं तर उठत नाही, उठलं तर झोपत नाही, असली यंत्रं घेऊन लोक तीस-तीस किलोमीटरवरून माझ्या दुकानात येतात. आणि माझ्याच घरात हा तमाशा! मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. आधी माऊसची जागं करायची परवानगी काढली, कारण टेबलाला धक्का लागला तरी यंत्रं उठतात. मग नेटच्या कार्डाची काढली. बंद करताना अर्धवट झोपायची जी सवय नव्या यंत्रांना असते, तीही मोडली. तरी हा पठ्ठ्या पहाटे टुंग!

शेवटी त्याची आतली नोंदवही उघडली, कधी जागा झाला त्याची. पाच बावीस, पाच अठरा, पाच चौदा. रोज चार मिनिटं अलीकडे. मी कपाळावर हात मारला. घड्याळाचा सेल गेलाय, दुसरं काय! सेल बदलला. दुसऱ्या दिवशी पाच दहा. म्हणजे घड्याळ बरोबर होतं, उठण्याची वेळच सरकत होती. मग मात्र माझं डोकं फिरलं. ठरलेल्या वेळी उठायची जी सोय असते, ती सरसकट बंद करून टाकली. कोणी काय ठरवलंय, हे उघडून बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. हुमैद, गिऱ्हाइकाच्या यंत्राशी मी असं कधी वागत नाही.

त्या रात्री यंत्र गपगार झोपलं. सकाळी मी खुशीत हलव्याचे दोन तुकडे जास्त खाल्ले. तेवढ्यात रया काकू दारात उभी. विधवा बाई, फलजाच्या, गावच्या सामाईक पाण्याच्या पाटावर आठवड्यातून एकदा तिची पाळी. ती पहाटे सुरू होते, तारा डोंगराच्या धारेवर आला की. त्या वेळी पाटकरी म्हणून बाबांनी वरचं पाणी मोडून तिच्या बागेला द्यायचं असतं. ते मोडलंच नव्हतं. उजाडेपर्यंत वरचं शेतच पाणी पीत राहिलं. तिची खजुराची रोपं कोरडी राहिली.

ती भांडली नाही. नुसती म्हणाली, "खलफान, त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. बरा आहेस ना?"

बाबा म्हणाले, "झोप लागली."

बाबा, आणि झोप लागली! मी लहानपणापासून या माणसाला पहाटे घोरताना ऐकलेलं नाही. दुपारपर्यंत गावभर झालं. पाटाचे कारभारी मुहन्ना येऊन सांगून गेले की शुक्रवारी नमाजानंतर बैठक, पाटकरी बदलायचा आणि ताऱ्यांऐवजी घंटेचं घड्याळ बसवायचं. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले.

मी तुझ्या खोलीत गेले आणि जे आधी करायचं ते तेव्हा केलं. यंत्राला कोणी कधी उठायला सांगितलंय त्याची यादी उघडली. हुमैद, तीनशे पासष्ट ओळी. प्रत्येकीला तारीख, वेळ आणि एका ताऱ्याचं नाव. रोज चार मिनिटं कमी. पण पंधरवड्यातून एखाद्या दिवशी तीनच. चुकून नाही, बरोब्बर तितक्याच अंतराने. मी हिशेब घालून पाहिला. आकाश रोज पुरती चार मिनिटं सरकत नाही, काही सेकंद कमी सरकतं. ते उरलेले सेकंद त्यांनी कुठे वाया जाऊ दिले नव्हते. एक तारा फार लवकर उगवायला लागला की दुसरा धरायचा, तोही नेमक्या दिवशी. नुसत्या डोळ्यांनी! आपल्या घरात कोण राहतं हे मला अडतीसाव्या वर्षी कळत होतं.

बाबा मागे येऊन उभे होते. म्हणाले, "सापडलं?"

"हे तुम्ही लिहिलंत?"

"एका बोटाने. सव्वा वर्ष लागलं."

"पण शिकलात कुठे?"

"तुझ्या दुकानात. तूच तर दाखवलंस."

मी समजत होते, ते दुपारी एसीच्या गारव्याला येऊन बसतात! आणि एकदा त्यांनी विचारलं होतं खरं, की झोपलेल्या यंत्राला अमक्या वेळी ऊठ म्हणून सांगता येतं का. मी दुसऱ्याचा लॅपटॉप खोलता खोलता दाखवलं होतं आणि वर म्हटलं होतं, "तुम्हाला कशाला हव्यात या उठाठेवी?"

मग मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. आवाजाकडे बघत होते.

गेल्या रमज़ानपासून त्यांना काही दिसत नाही, हुमैद. उजेड कळतो, बस. आठ महिने ते टुंग ऐकून उठले, पायाच्या सवयीने पाटाच्या वरच्या दारापर्यंत गेले आणि पाण्याच्या आवाजावर पाणी मोडत राहिले. कुणाला पत्ता नाही. आईलासुद्धा नाही. आणि मी एका घरात राहून, त्यांच्या ताटात रोटी वाढून, काही ओळखलं नाही. त्यांचे डोळे मीच दुसऱ्यांदा काढले. हे लिहायला चार पानं घेतली, कारण लाज वाटत होती.

शुक्रवारी मी बैठकीत सगळं सांगणार होते. बाबांनी हाताने थांबवलं आणि स्वतः उठले. "माझे डोळे गेलेत," म्हणाले. मशिदीच्या अंगणात कॉफीचे पेले वाजायचे थांबले.

मुहन्नांनी विचारलं, "मग इतके दिवस वेळेवर पाणी कसं मोडलंस?"

"सात वर्षांपूर्वी याच अंगणात माझा मुलगा म्हणाला होता, तारे यंत्रात बसतात, म्हाताऱ्याला झोपू द्या. मी त्याला म्हटलं, मग यंत्राच्याच घरी जाऊन राहा. तो गेला. तो बरोबर होता. बसतात. मी बसवले."

कुणीतरी हसलं, "आंधळ्याची गणितं!" मुहन्ना म्हणाले, उद्या पहाटे बघू.

काल पहाटे अर्धं गाव आपल्या गच्चीवर. यंत्र मी वर नेलं, काढलेली सोय परत चालू केली आणि झोपवून ठेवलं. नजर चांगली असलेल्या चौघांना डोंगराच्या धारेकडे तोंड करून उभं केलं. थंडीने दात वाजत होते. बाबा मधोमध घोंगडी पांघरून बसले होते. मी मनात म्हणत होते, चुकू देऊ नको, देवा, आजचा एक दिवस चुकू देऊ नको.

चार अडतीस. टुंग.

आणि रया काकू किंचाळलीच, "आला!" बाबा ज्याला काळीज म्हणतात तो लालसर तारा धारेवर बसला होता. टुंग आणि तारा, दोघांच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. आदल्या दिवशी हसलेला माणूस टोपी काढून हातात धरून उभा होता. मी आयुष्यभर यंत्रं उघडत आले. असं काही मी पाहिलं नव्हतं. इतकं मोठं आकाश आणि ते एका म्हाताऱ्याच्या बोटाचं ऐकतंय, असंच वाटत होतं. मी रडले. सगळ्यांसमोर, भोकाड पसरून.

बाबांनी फक्त विचारलं, "आला का?" त्यांना दिसलं नव्हतं ना.

मुहन्नांनी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. घड्याळ नको, पाटकरी हाच. सोबतीला एक डोळस माणूस हवा, ढग आले किंवा वीज गेली तर. तो मी आहे. तारे दाखवायला मुलीला गच्चीवर न्यायचं नसतं, असं बाबा म्हणत होते ना? आज नेलं. सहा तारे पाठ झालेत.

आता शेवटचं, जे मी पहिल्या ओळीपासून टाळत आले. काल सगळे गेल्यावर मी विचारलं, "हुमैदला काय कळवू? ये म्हणू?" त्यांनी पाटाच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "माझ्या वडिलांचेही डोळे याच वयात गेले होते. त्यांच्या काकांचेही. ये म्हणू नकोस, त्याचा राग आहे, तो त्याचा हक्क आहे. त्याला एवढंच लिही, डॉक्टरकडे जा. मुलांनाही घेऊन जा. अजून वेळ आहे तोवर डोळे दाखवून घे."

मी त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. ये म्हणत नाही.

डॉक्टरने काय सांगितलं ते मात्र त्यांना तुझ्याच आवाजात ऐकू दे. फोनची घंटा ऐकू येईल अशाच ठिकाणी ते कालपासून बसलेत.

तुझी,
तुझ्याही वाटणीचं आकाश सध्या बघणारी
ज़ुवैना