बटणमुक्ती

४ मार्च, सोमवार
आज इतिहास घडला. सकाळच्या मीटिंगमध्ये मी जाहीर केलं की आपल्या नव्या ॲपमध्ये एकही बटण असणार नाही. बटण म्हणजे हुकूमशाही. इथेच दाब, एवढंच दाब! बोट हे जन्मतः स्वतंत्र आहे. सव्वीस मिनिटं बोललो. लोकांनी थोडक्यात आवरावं म्हणून आमच्याकडे ही मीटिंग उभ्याने घेतात. माझं चालू असताना एकेक जण खाली बसला. भारावले होते. टेस्टर बाईंनी विचारलं, सर, संपलं की अजून खाली स्क्रोल करायचंय? विनोदबुद्धी बरी आहे त्यांची.

५ मार्च
ॲप कशाचं ते लिहून ठेवतो, पुढे चरित्रकाराला लागेल. एकटं राहणारं म्हातारं माणूस रोज सकाळी पडद्यावरचा सूर्य बोटाने वर ओढणार. मुलाच्या फोनवर निरोप: मी ठीक आहे. मुलाने आपल्या फोनवरचा सूर्य वर ओढला की म्हाताऱ्याला पोच. सूर्य खाली ओढला तर मदत हवी. बस्स! वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या मेट्रन हे घेणार आहेत, ट्रायल नीट झाली तर. २२ तारखेला त्यांना दाखवायचं. साहेब म्हणाले, जमवलंस तर टीम तुझी.

६ मार्च
सूर्याखालची जागा ओकीबोकी दिसत होती. तिथे माझे सुविचार टाकले. एकूण चाळीस. पान खाली ओढलं की नवा विचार येतो. ही सोय आयत्या वेळी सुचली, प्रतिभा अशीच असते.
टेस्टर बाईंची कुरकुर. म्हणे एका बोटाला दोन मालक झाले. बोट लागलं, हललं, एवढंच पडद्याला कळतं. ते सूर्य ओढायला आलंय की पान सरकवायला, यावर आत भांडण होतं. पान जिंकलं की सूर्याला सांगतात, हा स्पर्श कॅन्सल, तुझा नव्हताच. मी म्हटलं, माझ्या फोनवर सगळं मावतं, पान सरकतच नाही. त्या म्हणाल्या, तुमचा फोन पाटाएवढा आहे.
मत्सर.
सूर्य वर ओढून पाहिला, लोण्यासारखा जातो. खाली ओढून पाहिला नाही. मला मदतीची गरज पडत नाही.

८ मार्च
ट्रायलसाठी बाबांना घेतलं. दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहतात. निवृत्त टायपिंग शिक्षक. फोन लहान, त्यात अक्षरं ही मोठमोठी. फोन असा बांधून दिला की माझ्या ॲपशिवाय काही उघडणार नाही, कॉलसुद्धा नाही. लक्ष विचलित व्हायला नको. बाबांनी विचारलं, पडलो-बिडलो तर रे? म्हटलं, सूर्य खाली ओढा, मी धावत येतो. मग म्हणाले, यात खट् कुठे वाजतं? लागलं की नाही हे मला कळायचं कसं? चाळीस वर्षं टाइपरायटर बडवल्याचा परिणाम.

११ मार्च
बाबांकडून एकही निरोप नाही. हट्टीपणा, दुसरं काय. निरोप आला नाही की माझ्या फोनवर गजर होतो. परवा झाला, काल झाला, आज मीटिंगमध्ये झाला. बंद करून टाकला.
संकल्प: उद्या स्वतः जाऊन बघायचं.

१२ मार्च
गेलो नाही. मेट्रनसमोरच्या भाषणाची तयारी. विषय: 'ऐकणारं बोट'.

१३ मार्च
ही रोज संध्याकाळी बाबांकडे चक्कर मारते. आज निरोप घेऊन आली. बाबा म्हणाले, सूनबाई, सूर्य काही वर जात नाही, तुझ्या नवऱ्याचं भाषणच वर जातं. सांगताना हिला हसू आवरेना. मला मात्र गहिवरून आलं. बाबा वाचताहेत! जन्मात कधी शाबासकी दिली नाही माणसाने. चाळीसचे साठ विचार केले.
ही म्हणाली, अहो, एकदा जाऊन तरी या. म्हटलं, रविवारी नक्की.

१५ मार्च
हिने धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. जवळचं दिसत नाही म्हणे. चष्मा दिला. हा चष्मा मी लावणार नाही आणि फोनची अक्षरंही मोठी करणार नाही. शरीराने विचारापुढे झुकावं.

१६ मार्च
अक्षरं मोठी केली. थोडीच.

१८ मार्च
काल रविवार होता हे आज लक्षात आलं.
टेस्टर बाई म्हणाल्या, बाबांच्या फोनचा लॉग बघू या. बोट कधी लागलं, कधी सुटलं, सगळं त्यात असतं. मी म्हटलं, जन्मदात्यावर पाळत? हे माझ्या तत्त्वात बसत नाही. बारा मिनिटं बोललो. टाळ्या नाहीत.

१९ मार्च
बाबा पडले.
पलंगाशेजारी पाय मुरगळला. सकाळी अकरापासून जमिनीवर बसून होते. ही संध्याकाळी गेली तेव्हा कळलं. हाड मोडलेलं नाही.
मी विचारलं, सूर्य खाली का नाही ओढलात? म्हणाले, ओढला की. ओढला की तुझा नवा विचार यायचा. मग चिडून नाही, अगदी समजुतीने म्हणाले, काही काही चांगले होते रे.
ही माझ्याशी बोलत नाही.

२० मार्च
लॉग उघडला. बाई वाचत होत्या, साहेब मागे उभे. अकरा वाजून चार मिनिटं: बोट लागलं, हललं, कॅन्सल. नवा विचार. अकरा पाच: लागलं, हललं, कॅन्सल. नवा विचार. असं एकतीस वेळा. एकतिसावा विचार बाईंनी मोठ्याने वाचला: 'जो ऐकतो, तोच खरा वक्ता.'
त्याआधीची पानंही होती. ९ तारखेपासून रोज सकाळी सात दहाला. सहा वेळा, सात वेळा, एकदा चौदा वेळा. लागलं, हललं, कॅन्सल. बाबांचा एकही दिवस चुकलेला नाही.
मी म्हटलं, हा यंत्राचा दोष. बाई म्हणाल्या, यंत्राने तुमचंच ऐकलं, सर.

२१ मार्च
बाईंनी एका दिवसात नवं बनवलं. पांढरा पडदा, हिरवं बटण, लाल बटण. दाबलं की खट् वाजतं. विचार एकही नाही. याला काय डिझाइन म्हणायचं! ही म्हणाली, याला अक्कल म्हणतात. (बोलली तरी.)

२२ मार्च
मेट्रननी तीन मिनिटांत पाहून घेऊ म्हणून सांगितलं. माझं भाषण खिशातच राहिलं. त्यांनी विचारलं, खट् आवाजाची कल्पना कुणाची? मी म्हटलं, आमच्या घराण्यातली.
टीम बाईंना. मला सल्लागार केलंय. सल्लागाराचं टेबल झेरॉक्स मशीनशेजारी.

२५ मार्च, सोमवार, सकाळी ७:१०
बाबांचा पहिला निरोप! मी ठीक आहे. ७:१०, ठोक्याला. कॉलचं कुलूपही मी स्वतः काढलं त्यांच्या फोनचं, याची नोंद असावी.
माझ्या फोनवर मात्र जुनंच ॲप ठेवलंय. तत्त्व म्हणजे तत्त्व. आता सूर्य ओढून पोच देतो.

७:१२
विचार वर गेला. सूर्य तिथेच.

७:१६
पुन्हा ओढला. पुन्हा विचार. अक्षरं मोठी केल्यापासून पान मावत नाहीसं दिसतं. बोट कोरडं असेल. ओलं करून पाहतो.

७:२१
बाबांचा फोन. तुझी पोच आली नाही, ठीक आहेस ना? म्हटलं, ठणठणीत. त्यांना पटेना. आवाज खोल गेलाय म्हणाले, काठी घेऊन निघतो, बघूनच जातो. म्हटलं, बाबा, तुमचा पाय सुजलाय, दोन गल्ल्या, तुम्ही येऊ नका, ऐका माझं!
फोन ठेवलेला होता.

७:४८
दारावरची बेल.
एकदाच दाबली. लगेच वाजली.