सवचं पाणी टाकीत

महाड, मंगळवार

भावोजींनी दुबईहून आल्या आल्या हॉलमध्ये माशांची काचेची टाकी मांडली. एवढी हौस, मग पाणी बदलायचा कंटाळा का? कालपासून मासे तळातल्या खड्यांवर अंग घासत होते. मी म्हटलं, पाणी घाण झालंय. सासूबाई म्हणाल्या, "खाज हाय ती. सवचं पाणी घाला, माणसांची जाते." भावोजींनी खरंच सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडातलं कॅनभर पाणी आणलं, निववून ओतलं. मासे वर येऊन तोंड उघडून हवा गिळायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "बघ गो, कसे मजेत वर आले." शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. शी. ती उघडी तोंडं बघून मला जेवण गेलं नाही.

आता एक मासा पोट वर करून तरंगतोय. तोंड अजून उघडंच. मी काचेवर टिचकी मारली, तर सासूबाई म्हणतात, "निजलाय तो. उठवू नको."