दुसऱ्यांदा सुई

वरळी, १२ जानेवारी १९५८

तीर्थरूप दादांस धाकट्या बुधाजीचा जयभीम.

मी बरा आहे. सूनबाई वेळेवर पेज करून देते. तुमचा खोकला कसा आहे?

लघवी अडते म्हणून परळच्या इस्पितळात गेलो होतो. शिरेत औषध टोचून फोटो काढले. मग उताणं झोपवून पाय टांगले. डॉक्टरांनी मागून बोट घातलं आणि शिकाऊ पोरांना म्हणाले, "गाठ लागते का, एकेकानं बघा." सहा जणांनी बघितलं. मला कुणी विचारलं नाही. सातवा आला तेव्हा मी पाय खाली घेतले. "बस झालं," म्हणालो.

नंतर सुईनं गाठीचा तुकडा काढला. मोर्च्यामुळे बसगाड्या बंद होत्या, म्हणून घरी चालत आलो. धोतर रक्तानं भरलं. अजून स्वतःच्याच अंगाची किळस येते.

काल कळलं, तुकडा अपुरा निघाला. पुन्हा सुई घालायची. "कॅन्सर आहे की नाही, ते त्याशिवाय सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "येतो, पण पोरं नकोत," मी म्हटलं. ते कबूल झाले. गुरुवारी जातो.

वहिनींच्या पत्रातून कळलं, तुम्हालाही लघवी अडते. लाजून घरी बसू नका, इकडे या. तुम्हाला तपासतील तेव्हा दाराशी मी उभा राहीन.

तुमचा,
बुधाजी