मागच्या चाकाची रेघ

२ मार्च, सोमवार
लेकीचा फोन. आपणहून! बावीस तारखेला, रविवारी येतेय. एकटीच. विचारलं, बाबा, ती मोटरसायकल अजून चालते का. म्हटलं, चालते म्हणजे काय, पळते. (अकरा वर्षं पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे, पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हे.) मग म्हणाली, शाळेत असताना जायचो तसं धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन येऊ. फक्त आपण दोघं.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. तीन आठवड्यांत गाडी नवीकोरी.

३ मार्च
साडेआठला उठलो. उद्यापासून नक्की.

४ मार्च
ताडपत्री काढली. इंजिन ठणठणीत. चाकांवर मात्र पांढरी भुकटी आणि बारीक बारीक फोड. चाकं मॅग्नेशियमची. रेसच्या गाडीला असतात तशी, फुलासारखी हलकी. बत्तीस वर्षांपूर्वी घेतली तेव्हा लेकीच्या आईने आठवडाभर अबोला धरला होता. पुढे तो कायमचा झाला, पण त्याचा चाकांशी काही संबंध नाही. म्हणजे नुसत्या चाकांशी नाही.
चाकांबरोबर आलेला कागद सापडला. दर वर्षी तडे तपासा, फार जुनी झाली की वापरू नका, हा धातू म्हातारपणी न सांगता तुटतो, वगैरे. कंपन्यांना नवा माल खपवायचा असतो, दुसरं काय! न सांगता काही तुटत नसतं. माझ्या बाबतीत तरी सगळ्यांनी सांगूनच तोडलंय.

६ मार्च
चाकं बाथरूमच्या ॲसिडने धुतली. ओतल्याबरोबर फसफसायला लागली. बत्तीस वर्षांचा मळ, बाहेर पडताना आवाज करणारच. नाक चुरचुरलं. डोळ्यांतून पाणी. चाकं चकचकीत न होता काळी आणि खरखरीत झाली. उत्तम. रंग चांगला धरेल.

७ मार्च
वजनकाट्यावर मागचं चाक आधीपेक्षा थोडं कमी भरलं. हलकं चाक आणखी हलकं! कंपनीला जमलं नाही ते मी बाथरूममध्ये करून दाखवलं.

८ मार्च, रविवार
लेकीला फोन करून चाकांची हकिगत सविस्तर सांगितली. मधूनमधून हं, हं करत होती. ऐकून घेण्याचा गुण माझ्याकडून आलाय. शेवटी म्हणाली, बाबा, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. म्हटलं, बोल की. तर म्हणे, नको, आल्यावर बोलू. बरोबर आहे. फोनवर मलाही सुचत नाही.

१० मार्च
टायरवाल्याने हात लावायलाच नकार दिला. म्हणे इतकी जुनी मॅग्नेशियमची चाकं आम्ही घेत नाही. कारण विचारलं तर गिऱ्हाइकाच्या जिवाचं काही झालं तर कोण निस्तरणार, म्हणाला. मी म्हटलं, अरे, मी आयुष्यभर कारखान्यात तपासणी खात्यात होतो! लोखंडाचे हजारो पीस या डोळ्यांखालून गेले. एक तडा सुटला नाही. लोक पाठीमागे मला ‘रिजेक्ट’ म्हणायचे. तो म्हणाला, मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं, काका.
काका! जेमतेम बासष्टीचा आहे मी.

११ मार्च
टायर घरीच काढला, स्वयंपाकघरात. अंगठ्याचं साल गेलं. बशी फुटली. जेवण बिस्किटांवर.

१२ मार्च
डाय टेस्ट. जुना डबा जपून ठेवला होता. लाल रंग लावायचा, मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. कुठे तडा असेल तर त्यात शिरलेला लाल रंग पावडरीवर उमटतो. टेस्ट कधी खोटं बोलत नाही. नव्या पोरांना मी हेच शिकवायचो.
पुढचं चाक: स्वच्छ.
मागचं चाक: एका आऱ्याच्या बुडाशी लाल रेघ. नखाएवढी.
ब्रशचा केस चिकटला असणार.

१३ मार्च
पुन्हा टेस्ट. केस पुन्हा त्याच जागी चिकटला. ब्रशच हलका आहे.

१४ मार्च
ब्रश बदलला. रेघ आहेच. टायर काढताना पहार घसरली होती, तिचा ओरखडा.

१५ मार्च, रविवार
आज रंग जास्त मुरू दिला नाही. लावला की पुसला. रेघ पुष्कळ पुसट! सुधारणा आहे. याच गतीने बावीसपर्यंत काही राहणार नाही.
कारखान्यात असली रेघ दिसली की मी बोलत नसे. हातोडा घेऊन पीस तिथल्या तिथे फोडायचो, बनवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. पण ते लोखंड होतं. आणि दुसऱ्याचं होतं.

१६ मार्च
आमच्या खात्याचा नियम होता: आपण केलेलं काम आपणच पास करायचं नाही, दुसऱ्याची नजर पाहिजे. म्हणून खात्यातल्या ‘चष्म्या’ला फोन लावला. वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, माझ्या सहीखाली त्याची सही. आधी त्याला आवाजच ओळखू येईना. मग गुडघेदुखीबद्दल बोलला. भरपूर. येणं जमणार नाही म्हणाला. रेघेचं सांगितलं तर म्हणतो, रेघ दिसली म्हणजे आहे, हे तूच शिकवलंस की आम्हाला. माणूस रिटायर झाला की बुद्धीला गंज चढतो.
दुसरं कोणाला बोलवावं म्हणून फोनमधली सगळी नावं खालीपर्यंत पाहिली. गॅसवाला, दवाखाना, बँक, लेक.

१७ मार्च
वरच्या मजल्यावरच्या बाईंना जिन्यात गाठून चाक दाखवलं. काही दिसतंय का, विचारलं. त्यांनी लांबूनच पाहून विचारलं, अगं बाई, कोणाला कापलं का? त्यांना या विषयातलं प्रशिक्षण नाही.
चहा घेता का म्हणून विचारलं. त्यांचा कुकर लावलेला होता.

१८ मार्च
मागच्या चाकाला काळा रंग. दोन हात. रेघ गेली. नामोनिशाण नाही! उगाच आठवडा डोक्याला ताप करून घेतला.
निकाल: पास.
तपासणारा: मी. दुसरी नजर: मी, डाव्या हाताने सही.

२० मार्च
टायर चढवले. चाचणी घेतली. पेट्रोल भरलं नव्हतं, म्हणून गाडी ढकलतच आवारात दोन फेऱ्या मारल्या. मागच्या चाकाने कुठेही कुरकूर केली नाही. वेग: चालण्याचा.
पेट्रोल भरून रस्त्यावर न्यायला वेळ होता, पण ऊन फार.

२१ मार्च
हेल्मेट आणलं, लेकीला. दुकानदाराने डोक्याचं माप विचारलं. सांगता आलं नाही. हाताने दाखवलं तर म्हणाला, हे तर लहान मुलाचं झालं.
पेट्रोल भरलं. दिवसभर काय करायचं याची आखणी: नऊला निघणे, धरण, भिंतीवर बसणे, परत. जेवणाचं पाहिलं नाही, वाटेत काहीतरी मिळेल. गाडीवर बोलण्याचाही प्रश्न नसतो. ती मागे, मी पुढे, वारा मध्ये. आमचं सगळ्यात चांगलं तिथेच जमायचं.

२२ मार्च, रविवार. सकाळी सव्वाअकरा
आली. बूट घालून, कोणाचं तरी जॅकेट मागून आणलेलं. गाडी बघून टाळ्या पिटल्या! मागे बसली. माझ्या कमरेला घट्ट हात घातले.
पहिल्या किकला सुरू. अकरा वर्षांनी, पहिल्या किकला!
चावी बंद केली.
क्लचची केबल गेली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, आत्ता तर सुरू झाली होती. मी म्हटलं, केबलचं असंच असतं. म्हणाली, मग हळू जाऊ, कोपऱ्यापर्यंत तरी. नाही म्हटलं. जरा ओरडूनच म्हटलं बहुतेक. मग ती उतरली.
आता आत बसलीय. चहा झाला. तिने आपला कप विसळला, मग माझाही. मी साखर आणायच्या निमित्ताने इथे स्वयंपाकघरात.

संध्याकाळी पाच
संध्याकाळच्या बसचं तिकीट होतं तिचं. दोनच्याच बसने गेली.
मागच्या चाकाला तडा आहे. बारा तारखेपासून आहे. रिजेक्ट.
स्टँडवर सोडायला गेलो होतो. बस लागल्यावर म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं होतं, बाबा. गाडीवर मागे बसल्या बसल्या सांगेन, असं ठरवून आले होते. समोरासमोर बसून नाही जमत. डोळे भरले होते तिचे. काय झालं म्हणून विचारायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. मी विचारलं, हेल्मेट बरोबर बसलं का.
हो म्हणाली आणि चढली.
आत्ता तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बसमध्ये आवाज फार असतो.