बांधून ठेवलेली ओळ

मी, बाळ विठ्ठल भिलारे, वय ७८, पूर्वीचा छापखानेवाला, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान शाबूत असल्याचा दाखला पुढील मजकुरात मिळेल.

१. माझी मुले सलिल व स्पृहा यांनी शनिवार पेठेतील गाळ्याबद्दल उद्या रविवारी माझ्याशी "चर्चा" ठेवली आहे. श्रवणयंत्र काढले की बाबा बहिरे, असा त्यांचा समज आहे. मंगळवारी स्वयंपाकघरात स्पृहा म्हणाली, "दादा, बाबा नाही म्हणाले तर?"

"म्हणू देत की. बिल्डरला हो सांगून झालंय. त्यांना विचारलं असं त्यांना वाटलं, म्हणजे झालं."

२. ही पद्धत मला नवी नाही. सातवी पास होऊन भोरहून आलो, छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला शिकलो, याच गाळ्यात स्वतःचा छापखाना काढला. एका छोट्या कम्युनिस्ट पक्षाचे काम वीस वर्षे माझ्याकडे होते. त्यांची घटनाही मीच छापली. तीत होते : अधिवेशन केंद्रीय समिती निवडते, केंद्रीय समिती पॉलिटब्युरो निवडते, आणि पॉलिटब्युरोने समितीला जाब द्यायचा. छपाईची चूक एकही नव्हती. प्रत्यक्षात पॉलिटब्युरोचे पाच जण गुरुवारी बसत, शुक्रवारी ठराव माझ्याकडे छपाईला येई, आणि एकतीस जणांची केंद्रीय समिती त्यावर रविवारी चर्चा करी. "सर्वानुमते मंजूर" ही ओळ इतक्यांदा लागे, की तिचे खिळे मी कधी सुटे केलेच नाहीत. सुतळीने बांधून फळीवर ठेवली होती.

३. माझी मिळकत स्वकष्टार्जित आहे. गाळा हेमा साळवी यांना द्यावा. वीस वर्षे त्या तिथे झेरॉक्स व टायपिंग करतात. बिल्डरने आता त्यांना विचारावे, शक्यतो आधी. कर्वेनगरचा फ्लॅट व बँकेतील ठेवी सलिल व स्पृहा यांना निम्म्या-निम्म्या. विकायची वेळ आली तर दोघांनी कोरा कागद घेऊन बसावे. छपाईचे यंत्र कधीच भंगारात गेले. बांधलेली ओळ मात्र आहे, तीही या दोघांनाच. तिची वाटणी करू नये.

४. कॉम्रेड सुदर्शन वाळिंबे, राहणार वारजे. केंद्रीय समितीत पॉलिटब्युरोला जाब विचारणारे हे एकटेच. १४ जून १९८७ रोजी त्यांनी समितीपुढे तासभर आपली बाजू मांडली. तरी हकालपट्टी झाली. पक्षाची शिस्त म्हणून त्यांनीही हात वर केला. तो ठराव माझ्याकडे १२ तारखेलाच छापून तयार होता. १३ला ते छापखान्यात आले. "बाळ, काही कानावर आलंय का रे?" गिऱ्हाइकाचे काम बाहेर बोलायचे नाही, हा धंद्याचा नियम. मी म्हणालो, "नाही बुवा."

तेव्हापासून भेटतील तेव्हा ते सांगतात, भाषणात कुठे चुकले. गिरणीचा मुद्दा आधी घ्यायला हवा होता. आवाज चढवायला नको होता. अडतीस वर्षे हा माणूस ते भाषण दुरुस्त करतो आहे. १२ तारखेचा शिक्का असलेले प्रूफ माझ्या कपाटात आहे. माझ्या मृत्यूनंतर ते त्यांना द्यावे.

५. कलम ४ वर मी आडवी रेघ मारून सही केली आहे. पुन्हा वाचले तेव्हा दिसले, की ठरवायचे मी आणि त्यांना कळवायचे मागाहून, हेच मीही करत होतो. म्हणून वाळिंब्यांना फोन केला. ते वारज्याहून बसने आले. प्रूफ हातात दिले. १३ तारखेला खोटे बोललो, तेही सांगितले. त्यांनी चष्मा पुसून शिक्का दोनदा वाचला. मला वाटले, आता उठून जातील.

"बारा जून? म्हणजे भाषण चांगलंच झालं होतं."

प्रूफ घडी करून खिशात ठेवले. मग म्हणाले, "तू मात्र नालायक आहेस. पेन दे."

या मृत्युपत्राने त्यांना आता काहीच मिळायचे नसल्याने त्यांची साक्ष कायद्याला चालते.

सही : बाळ विठ्ठल भिलारे

आम्हां दोघांसमक्ष सही झाली :
१) डॉ. अपेक्षा भुजबळ, कर्वेनगर
२) सुदर्शन वाळिंबे, वारजे (मजकूर सहीपूर्वी पूर्ण वाचला.)

पुणे, शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५