नातीसाठी ओटच्या कुकीज

सोमवार, ४ तारीख
सून फोनवर म्हणाली, नातीला आता बाहेरची बिस्किटं बंद. फक्त ओटच्या कुकीज, त्याही घरच्या. मी म्हटलं, त्यात काय एवढं, रविवारी या, करते. मुलगा मागून म्हणाला, बघू. म्हणजे येणारच. त्याचं 'हो' लहानपणापासून असंच.
कुकीज कधी केल्या नाहीत. पण पीठ मळायचं, गोल करायचं, भाजायचं. त्याला काय शाळा लागते?

मंगळवार, ५
दुकानदाराने विचारलं, साधे ओट्स की इन्स्टंट? इन्स्टंटच घेतले. साध्यांची वाट कोण बघत बसणार?
समोरच्या नर्सचा छोटा ओव्हन आणला. म्हणाली, ताई, आधी व्हिडिओ बघा. म्हटलं, तू तुझे पेशंट बघ.

बुधवार, ६
पाकिटावर चित्र होतं, वाटी आणि वरून उकळतं पाणी. म्हणून ओट्स आधी भिजवले. कामावर लॉन्ड्रीत कॉलरला लावतो तशी खळ झाली. त्यातच लोणी, साखर, कणीक कोंबली आणि आत ढकललं. सारखं दार उघडून बघितलं. मशीनवर विश्वास ठेवायचा नसतो. सगळ्या कुकीज एकमेकींच्या गळ्यात पडून एकच झाली. चमच्याने खाल्ली.
दोष ओव्हनचा.

गुरुवार, ७
आज ओट्स कोरडेच घातले. वेळ वाचावा म्हणून आच पूर्ण. वरून कोळसा, आतून कच्चं.
डबा लॉन्ड्रीत नेला. मालकाने एक चावली आणि म्हणाला, बाई, ही इस्त्रीखाली विसरलात वाटतं. त्याला गोडाची चव नाही.

शुक्रवार, ८
घरात एकच खुर्ची. एकटीला दोन कशाला? नर्सकडून दोन उचलून आणल्या. ती म्हणाली, येतायत का ते फोन करून विचारा तरी. पोटच्या पोराला विचारायचं? मी काय त्याच्या दारची भिकारीण?

शनिवार, ९
नर्स स्वतःच येऊन बसली. पीठ फ्रीजमध्ये ठेवायला लावलं. ओव्हनच्या दाराकडे हात गेला की चापट मारायची. मेली, माझ्याहून लहान आहे.
कुकीज झाल्या. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. तशा मीच केल्या.
तिला उद्या सुट्टी. म्हणाली, चहाला येऊ का? म्हटलं, उद्या नको, घरची माणसं येणार.

रविवार, १०, सकाळ
चादर बदलली. नवी साडी. ती आपली कपाटात पडून होती म्हणून.

रविवार, दुपार
कोणी नाही. मला काही फरक पडत नाही.

रविवार, संध्याकाळ
मुलाचा फोन. आई, ऐक ना, म्हणाला. ते 'ऐक ना' मला पाठ आहे, पुढे नुसत्या सबबी. त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, येऊ नका, घरात पाहुणे आहेत, बसायला जागा नाही.
तो म्हणाला, अगं, आम्ही खालीच उभे आहोत. तुझी खिडकी कुठली ते तुझी नात विसरली, तू खिडकीत यावंस म्हणून तिने फोन लावायला सांगितला. बरं, असू दे. पाहुणे आहेत तर पुन्हा कधी.
बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
खिडकीत गेले. तिघं चालली होती. नात सुनेचं बोट धरून मागे वळून वळून एकेक खिडकी बघत होती. हाक मारणार होते.
पडद्यामागे झाले. दिसले असते तर तिने विचारलं असतं, आजी पाहुणे सोडून खिडकीत काय करतेय.